ड्रॅगन कुणाच्या मालकीचा?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या अमेरिकन खेळातलं एक कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, म्हणजे साधारण आपल्या नेहमीच्या पत्त्याएवढं. त्यातली निम्मी जागा नाव, नियम आणि आकडे यांनी व्यापलेली. उरलेल्या, जेमतेम दोन इंच रुंदीच्या चौकटीत कधी समुद्रातून वर येणारा राक्षस, कधी जळणारं शहर, तर कधी पुलावर एकटीच उभी असलेली चेटकीण बसवायची असते. हे चित्र काढणारा माणूस बहुतेक वेळा कंपनीच्या पगारावर नसतो. तो पोलंडमध्ये, फ्रान्समध्ये किंवा अमेरिकेतल्या एखाद्या आडगावात आपल्या घरून काम करतो. कंपनीच्या आर्ट डायरेक्टरकडून त्याला चार-सहा ओळींचा ब्रीफ येतो: जागा कुठली, पात्र कोण, ते काय करतंय, वातावरण कसं. सोबत त्या काल्पनिक जगाची सचित्र मार्गदर्शिका येते. तिथल्या कमानी कशा असतात, शिपायांच्या चिलखतावर कोणती नक्षी असते, इथपासून सगळं तिच्यात ठरलेलं असतं. मग चित्रकार आधी अगदी छोटी थंबनेल करतो, तीही नुसत्या काळ्या, करड्या आणि पांढऱ्या छटांत. त्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या खेळाडूला ते कार्ड उलटं दिसत असतं, आणि तरीही त्याला ते हातभर अंतरावरून क्षणात ओळखता आलं पाहिजे. आकृतीची बाह्यरेषा आणि उजेड-अंधाराची विभागणी चुकली, तर पुढे कितीही बारकावे भरले तरी ते चित्र कार्डावर मरतं. थंबनेल पसंत पडलं की रफ, रफ मंजूर झालं की संदर्भांची जुळवाजुळव. कुणाला तरी चादर पांघरून खिडकीशी उभं करायचं, मातीचा छोटा ड्रॅगन करून त्यावर दिवा टाकून सावल्या पाहायच्या. त्यानंतर फायनल. यात काही आठवडे जातात. चित्र पाठवलं की ठरलेली रक्कम मिळते आणि व्यवहार संपतो.

या व्यवसायाबद्दल सहसा दोन प्रश्न विचारले जातात: हात किती चांगला लागतो आणि एका चित्राचे किती मिळतात. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण अद्भुतरम्य आणि खेळांच्या चित्रांच्या या क्षेत्राचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला, की चित्रकाराचं आयुष्य एका तिसऱ्याच प्रश्नावर ठरताना दिसतं. काम हातावेगळं झाल्यावर त्याच्याकडे काय उरतं? मूळ चित्र उरतं का, ते पुन्हा छापण्याचा हक्क उरतो का, त्यातली पात्रं आणि ते जग उरतं का, किमान नाव तरी उरतं का? दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्याला त्या दिवसाचा रोज मिळतो. पीक कितीही जोमाने आलं तरी त्याच्या वाट्यात फरक पडत नाही. नुसत्या मानधनावर चालणारं चित्रकाराचं काम तसंच असतं. जानेवारी २०२१ मध्ये ‘ब्लॅक लोटस’ नावाचं १९९३ सालचं मॅजिकचं एक कार्ड ऑनलाइन लिलावात ५,११,१०० डॉलरला विकलं गेलं. त्यावरचं काळं कमळ काढलं होतं ख्रिस्तोफर रश यांनी. कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पेटीवर त्यांची सही होती आणि तिच्यामुळे किंमत वाढलीच होती. रश २०१६ मध्येच वारले होते. पण ते हयात असते तरी त्या रकमेतला एक डॉलरही हक्क म्हणून त्यांच्याकडे येण्याची तरतूद नव्हती, कारण विकली गेली ती छापील वस्तू. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. चित्राची किंमत आणि चित्रकाराची मिळकत या दोन गोष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, एवढं मात्र यातून स्वच्छ दिसतं.

हे अंतर ज्यांनी सर्वांत आधी ओळखलं त्यांत फ्रँक फ्राझेटा यांचं नाव घ्यावं लागतं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये १९२८ साली जन्मलेले फ्राझेटा पन्नासच्या दशकात कित्येक वर्षं अल कॅप यांच्या ‘लिल अ‍ॅबनर’ या लोकप्रिय चित्रमालिकेसाठी रेखाटनं करत होते. मालिका दुसऱ्याची, शैली दुसऱ्याची, सहीही दुसऱ्याची. साठच्या दशकात ते स्वतःच्या नावावर पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागले. १९६६ पासून लॅन्सर या प्रकाशनसंस्थेने रॉबर्ट हॉवर्ड यांच्या ‘कोनन’च्या कथा स्वस्त आवृत्त्यांत काढल्या, त्यांवरच्या फ्राझेटांच्या चित्रांनी या प्रकारच्या चित्रकलेचा चेहराच बदलला. त्या काळी प्रकाशक मूळ चित्र स्वतःकडे ठेवत किंवा गोदामात टाकून देत. छापून झालं की त्याचं काम संपलं, अशीच समजूत होती. फ्राझेटांनी मूळ चित्र परत मिळालंच पाहिजे असा आग्रह धरला आणि पुढे पुनर्मुद्रणाचे हक्कही स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नी एली यांनी त्या चित्रांच्या पोस्टरांचा व्यवसाय उभा केला. एकच चित्र आधी मुखपृष्ठ म्हणून, मग पोस्टर म्हणून, मग दुसऱ्याच एखाद्या पुस्तकावर असं पुन्हा पुन्हा कमावू लागलं. ‘इजिप्शियन क्वीन’ हे १९६९ साली एका भयकथांच्या मासिकासाठी केलेलं त्यांचं मुखपृष्ठ. त्याचं मूळ तैलचित्र २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला गेलं. फ्राझेटा असामान्य होते हे खरंच. पण त्यांच्या पिढीत समर्थ हाताचे मुखपृष्ठकार आणखीही होते. त्यांची चित्रं कुठे गेली याचा आज पत्ता नाही, आणि याचं कारण कुंचल्यात शोधून सापडणार नाही.

अमेरिकेतला कायदा याबाबत मुळात चित्रकाराच्या बाजूने झुकलेला आहे. १९७६ चा तिथला कॉपीराइट कायदा १९७८ पासून अमलात आला. त्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने चित्र काढलं की स्वामित्वहक्क त्याचाच. तो दुसऱ्याकडे जायचा तर तसं लेखी व्हावं लागतं. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जेम्स अर्ल रीड या शिल्पकाराच्या खटल्यात हे आणखी स्पष्ट केलं. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्यांच्याकडून शिल्प करून घेतलं होतं, कल्पनाही तिचीच होती, पण रीड तिचे नोकर नव्हते. त्यामुळे केवळ काम सांगितलं आणि पैसे दिले एवढ्यावर संस्थेला निर्मातीचा दर्जा मिळू शकत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. म्हणूनच खेळांच्या कंपन्या चित्रकाराकडून ‘वर्क फॉर हायर’ करारावर सही घेतात. या करारामुळे कायद्याच्या नजरेत चित्राचा जनक चित्रकार राहत नाही. कंपनीच जनक ठरते. कराराच्या खालच्या एखाद्या परिच्छेदात आणखी एक वाक्य सहसा सापडतं: काही कारणाने हे काम ‘वर्क फॉर हायर’ ठरलं नाही, तर त्याचे सर्व हक्क याद्वारे कंपनीला दिले आहेत. दुहेरी कुलूप लावण्यामागे हेतू आहे. नुसते हक्क दिलेले असतील तर अमेरिकन कायदा निर्मात्याला ३५ वर्षांनी ते परत मागण्याची मुभा देतो. ‘वर्क फॉर हायर’मध्ये ती मुभा नाही. सही करणारा तिशीतला चित्रकार आपल्या पासष्टीतला एक हक्क सोडत असतो, आणि बहुतेकांना त्याची जाणीवही नसते.

कंपनीची बाजू इथे ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. मॅजिकसारखा खेळ म्हणजे शेकडो चित्रकारांनी, लेखकांनी, नियम बनवणाऱ्यांनी मिळून उभं केलेलं एकच जग असतं. त्यातला एखादा योद्धा दहा चित्रकारांनी दहा कार्डांवर काढलेला असतो. प्रत्येकाने त्यावर मालकी सांगितली तर पुढचा संचच निघणार नाही. शिवाय जोखीम कंपनीची असते. बाजारात येणारे बहुसंख्य खेळ आपटतात, आणि आपटले तरी चित्रकाराचं मानधन परत मागितलं जात नाही. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. दुसऱ्याच्या जगात जाऊन काढलेल्या ड्रॅगनवर चित्रकाराने मालकी सांगावी, असं माझं म्हणणं नाही. पण मॅजिक हा २०२२ मध्ये हॅस्ब्रो या मूळ कंपनीचा वर्षाला १०० कोटी डॉलरहून अधिक उलाढाल करणारा पहिला ब्रँड ठरला, आणि त्या उलाढालीत चित्रांचा वाटा किती हे खेळणारा कुणीही सांगेल. एवढ्या मोठ्या व्यवहारात मूळ कॅनव्हास, छापील प्रती विकण्याची परवानगी, काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवण्याची मोकळीक आणि कार्डावर नाव या चार गोष्टी चित्रकाराकडे राहिल्याने कंपनीचं काहीच अडत नाही. मॅजिकने हे बऱ्याच प्रमाणात केलं, हे नोंदवायला हवं. १९९३ च्या पहिल्या संचापासून प्रत्येक कार्डाच्या खालच्या कडेला चित्रकाराचं नाव छापलेलं आहे. त्या बारीक ओळीने एक आख्खी बाजारपेठ तयार केली. खेळाडू चित्रकार नावाने ओळखतात, त्यांच्या सह्या घेतात, विशिष्ट चित्रकाराची सगळी कार्डं जमवतात. चित्रकाराला मागची बाजू कोरी असलेली काही कार्डंही मिळतात. त्या कोऱ्या बाजूवर मागणीप्रमाणे छोटं रेखाटन करून ती तो विकतो. खेळात ती चालत नाहीत. संग्राहकाला ती हवी असतात.

मूळ कॅनव्हासचा मुद्दा तर या व्यवसायाच्या तंत्रापर्यंत पोचला आहे. दोन हजारच्या दशकात बहुतेक चित्रकार संगणकाकडे वळले. काम झपाट्याने होतं, आर्ट डायरेक्टरने आभाळाचा रंग बदलायला सांगितला तर दहा मिनिटांत बदलता येतो, चित्र वाळण्याची आणि स्कॅन करण्याची कटकट नाही. फक्त मानधनाचा हिशेब केला तर संगणकच शहाणपणाचा. पण डिजिटल चित्राला मूळ प्रत नसते. फाइल पाठवली की विकण्यासारखं हातात काही उरत नाही. मॅजिकच्या मूळ चित्रांना संग्राहकांकडून मागणी येऊ लागली तशी तैलरंगात काम करणाऱ्यांना एकाच कामाचे दोनदा पैसे मिळू लागले: एकदा कंपनीकडून, एकदा कॅनव्हास घेणाऱ्याकडून. लोकप्रिय कार्डाच्या बाबतीत दुसरी रक्कम पहिलीपेक्षा बरीच मोठी असते. त्यामुळे काही चित्रकार संगणक सोडून पुन्हा रंग आणि फळीकडे परतले. याला कुणी जुन्याची ओढ म्हणेल. मला त्यात नेमका हिशेब दिसतो. अधिक वेळ खाणारं, अधिक कष्टाचं माध्यम परवडू लागलं, कारण त्यात काहीतरी मागे उरत होतं.

यापुढची पायरी स्वतःच्या जगाची. पोलंडचे याकूब रुझाल्स्की यांनी कुणी न सांगता ‘१९२०+’ नावाची एक चित्रमालिका करायला घेतली. पहिल्या महायुद्धानंतरच्या पोलिश-सोव्हिएत युद्धाचा काळ, पण थोडा वेगळा घडलेला. चित्रात पुढे कापणी करणारे शेतकरी, पांढरे सदरे, गवताच्या गंजी, घोडे. जुन्या पोलिश ग्रामीण चित्रांत शोभेल असं सगळं. मागे धुक्यात मात्र घरांहून उंच, धूर सोडणारी लोखंडी यंत्रं चालत जाताना दिसतात. शेतकरी त्यांच्याकडे मान वर करून बघतसुद्धा नाहीत, आणि त्या न बघण्यातच त्या जगाचा सगळा इतिहास सांगून होतो. ही चित्रं इंटरनेटवर पाहून जेमी स्टेगमायर या अमेरिकन खेळरचनाकाराने त्यांच्यावर आधारलेला ‘साइद’ हा बोर्ड गेम केला. त्यासाठी २०१५ मध्ये लोकांकडून १८ लाख डॉलर उभे राहिले आणि २०१६ मध्ये खेळ आला. त्याच जगावर जर्मनीतल्या एका स्टुडिओने ‘आयर्न हार्वेस्ट’ हा संगणकीय खेळ २०२० मध्ये काढला. इथे क्रम उलटा आहे. खेळाने चित्र मागवलं नाही; चित्राने खेळ घडवला. अमेरिकेतले टोनी डिटरलिझी नव्वदच्या दशकात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी आणि मॅजिकसाठी चित्रं काढत होते. २००३ मध्ये त्यांनी होली ब्लॅक यांच्यासोबत ‘स्पायडरविक क्रॉनिकल्स’ ही मुलांची पुस्तकमाला सुरू केली, २००८ मध्ये तिच्यावर चित्रपट आला. स्वीडनच्या सीमोन स्टोलेनहाग यांच्या चित्रपुस्तकातून आधी भूमिका वठवण्याचा खेळ आणि मग २०२० मध्ये ‘टेल्स फ्रॉम द लूप’ ही मालिका निघाली.

यावर येणारा आक्षेप उघड आहे: ही तर निवडक यशस्वी माणसं झाली. स्वतःचं जग घडवून ते कुणीच न विचारलेले हजारो असतील, त्यांचं काय? आक्षेप रास्त आहे. हक्क राखले की यश मिळतंच, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण मुद्दा प्रसिद्धीचा नाहीच. मधल्या फळीतल्या चित्रकाराचं घर कसं चालतं ते पाहा. वर्षातून काही कार्डं, एखादं मुखपृष्ठ, अधिवेशनात टेबल लावून विकलेल्या प्रिंट, मोजकी मूळ चित्रं, दरमहा थोडी वर्गणी देणारे चाहते, आपलीच चित्रं उलगडून दाखवत घेतलेले ऑनलाइन वर्ग. यातला प्रत्येक ओघ छोटा आहे, आणि पहिले दोन सोडले तर बाकीचा प्रत्येक राखून ठेवलेल्या कुठल्यातरी हक्कावर उभा आहे. दुसरा आक्षेप नवख्यांचा: आमच्यासारख्यांनी अटी घातल्या तर काम दुसऱ्याला जाईल. मोठ्या कंपनीचा छापील करार नवख्याला बदलता येत नाही, हे खरंच. मात्र कोणता करार घ्यायचा हे ठरवता येतं. दोन कामांत मानधन सारखंच असेल आणि एकात नाव छापून मूळ चित्र परत मिळणार असेल, तर निवड कठीण नाही. आणि वर्षातला थोडा वेळ दुसऱ्या कुणाच्या मालकीच्या नसलेल्या, स्वतःच्या चित्रांसाठी काढून ठेवला, तर त्याला कुठल्याच आर्ट डायरेक्टरची परवानगी लागत नाही. सुरुवातीची काही वर्षं हे परवडत नाही, भाडं भरायचं असतं, हेही तितकंच खरं. तेव्हा निदान आपण काय विकतो आहोत हे ठाऊक असावं.

मग सरळ नोकरीच का करू नये, असं आईवडील विचारतात. काळजीपोटीच विचारतात. खेळांच्या स्टुडिओत पगार, रजा, सहकाऱ्यांकडून शिकणं, सगळं मिळतं, आणि अनेकांनी सुरुवात तिथूनच करावी असं मलाही वाटतं. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ जगभर प्रसिद्ध केला. पण नोकरी म्हणजे स्थैर्य हे समीकरण या उद्योगात फारसं टिकलेलं नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढणाऱ्या टीएसआर या कंपनीने ऐंशीच्या दशकात लॅरी एल्मोर, जेफ ईझली, कीथ पार्किन्सन, क्लाइड कॉल्डवेल असे चित्रकार पगारावर ठेवले होते. त्यांच्या चित्रांनी त्या खेळाला चेहरा दिला. तीच कंपनी कर्जाच्या गाळात जाऊन १९९७ मध्ये विकली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये हॅस्ब्रोने सुमारे ११०० जणांना कमी करण्याचं जाहीर केलं, तेही मॅजिक भरभराटीत असताना. नोकरी गेल्यावर तिथे केलेल्या चित्रांतलं काहीच सोबत येत नाही. स्वतंत्र चित्रकाराचं उत्पन्न अनियमित असतं हे मान्य करूनही, त्याने साठवलेलं कुणी एका पत्राने काढून घेऊ शकत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप २०२२ पासूनचा आहे. त्या वर्षी मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्युजन ही शब्दांवरून चित्रं बनवणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आली आणि चार शब्द टाइप करून ड्रॅगन मिळू लागला. पोलंडचे ग्रेग रुत्कोव्स्की मॅजिक आणि ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’साठी काम करणारे, जुन्या तैलचित्रांच्या प्रकाशाचा ध्यास असलेले चित्रकार. यंत्राला सूचना देताना त्यांचं नाव सुमारे ९३ हजार वेळा वापरलं गेल्याचं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्या नावाने शोध घेतला की त्यांनी न काढलेली चित्रं समोर येऊ लागली. जानेवारी २०२३ मध्ये सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तिघांनी कॅलिफोर्नियात अशी यंत्रं चालवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. यंत्र जर फुकटात चित्र देतं, तर हक्क राखून तरी काय करायचं, असा प्रश्न आता विचारला जातो. माझ्या मते यंत्राने नेमकी तीच बाजू पोखरली जी आधीपासून कच्ची होती: नाव नसलेलं, मूळ प्रत नसलेलं, फक्त मानधनावरचं काम. छोट्या प्रकाशकांची स्वस्त मुखपृष्ठं, जाहिरातींची पार्श्वचित्रं ही कामं कमी होत आहेत. हे नुकसान खरं आहे, कारण नवखे चित्रकार त्याच कामांवर हात बसवत असत, आणि ती पायरी गेल्यावर पुढच्या पिढीने कुठे शिकायचं याचं उत्तर कुणाकडे नाही. मात्र ज्यांची सगळी संपत्तीच काल्पनिक जगाच्या मालकीत आहे, त्या कंपन्यांना यंत्राचं चित्र अडचणीचं ठरतं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेतल्या यंत्रनिर्मित चित्रांना संरक्षण नाकारलं, आणि माणसाने न घडवलेल्या कृतीला कॉपीराइट नाही ही भूमिका तिथल्या न्यायालयांनीही घेतली. ज्या चित्रावर मालकीच सांगता येत नाही, त्यावर ब्रँड उभारता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका पुस्तकात यंत्राचा हात लागल्याचं वाचकांनी ओळखलं, तेव्हा ते काढणाऱ्या कंपनीला चित्रकारांसाठी त्याविरुद्ध नियम जाहीर करावा लागला. आणि ज्याच्याकडे रंगांचा थर असलेली फळी आहे, जमलेला वाचक आहे, स्वतःचं जग आहे, त्याचं दुकान यंत्राने अजून तरी बंद केलेलं नाही.

कायद्याबद्दल आतापर्यंत सांगितलं ते सगळं अमेरिकेचं झालं. महाराष्ट्रात बसून स्थानिक प्रकाशकासाठी किंवा स्टुडिओसाठी चित्र काढणाऱ्याची स्थिती याहून नाजूक आहे, आणि याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की कृतीचा पहिला मालक तिचा निर्माता. पण लगेच अपवाद येतात. मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक ते काढून घेणारा. म्हणजे अमेरिकेत दोघेही गप्प राहिले तर हक्क चित्रकाराकडे राहतो. इथे दोघेही गप्प राहिले तर तो गिऱ्हाइकाकडे जातो. त्याच कलमानुसार मासिकात पगारावर असलेल्या चित्रकाराच्या चित्रावर मालकाचा हक्क फक्त नियतकालिकात छापण्यापुरता, बाकी सगळा चित्रकाराचा. मासिकाच्या नोकराला कायदा जे देतो ते स्वतंत्र चित्रकाराला देत नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राच्या पोटकलमात पेंटिंगचा उल्लेख आहे, रेखाटनाचा नाही. टॅब्लेटवर केलेलं चित्र यांपैकी कशात मोडतं यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील, म्हणून ते त्यांच्यावर सोडू नये. परिणाम पुढेही जातात. कलम ५३-अ नुसार मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, पण तो चित्रकार कलम १७ प्रमाणे पहिला मालक असेल तरच. कलम ५७ मात्र कुणी काढून घेऊ शकत नाही: हक्क विकल्यानंतरही आपण निर्माते आहोत हे सांगण्याचा आणि चित्राची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो.

मराठी मुखपृष्ठांची परंपरा थोर आहे. रघुवीर मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना जे रूप दिलं, त्यावर वाचकांच्या पिढ्या पोसल्या. दीनानाथ दलालांनी तर १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे स्वतःचं नियतकालिकच काढलं, म्हणजे आपलं चित्र कुठे आणि कसं छापलं जाईल हे ठरवण्याची जागाच स्वतःकडे घेतली. आजच्या चित्रकाराला मासिक काढायची गरज नाही. काम सुरू करण्याआधी एका ई-मेलमध्ये दोन वाक्यं लिहून त्यावर होकार घेतला तरी पुरे: हे चित्र अमुक पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी आणि त्याच्या जाहिरातीसाठी वापरायला दिलं आहे, स्वामित्वहक्क आणि मूळ चित्र चित्रकाराकडे राहील, आणि चित्रकाराचं नाव पुस्तकात छापलं जाईल. आमचा नफा आधीच तुटपुंजा, त्यात या अटी कशाला, असं प्रकाशक म्हणतील. पण हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्याला त्या चित्रावरून खेळ, खेळणी किंवा टी-शर्ट काढायचे नसतात. त्याला हवं असतं एक चांगलं मुखपृष्ठ, आणि ते त्याला पूर्ण मिळतं. ज्या हक्कांचा तो कधी वापरच करणार नाही, ते चित्रकाराकडे राहू दिल्याने त्याच्या खिशातून एक रुपयाही जात नाही. आणि त्याला खरोखरच सगळे हक्क हवे असतील, तर त्यांची किंमत मुखपृष्ठाच्या मानधनापेक्षा वेगळी ठरवायला बसता येईल.